दातांत धरलेली सहा फूट फिल्म

मी एक जुना स्प्लायसर आहे. नाव जड आहे, काम साधे. चित्रपटाची फिल्म तुटली की तिची दोन टोके एकमेकांना जोडायची, एवढेच माझे काम होते. हल्ली ते काम घेऊन माझ्याकडे कोणी येत नाही. त्यामुळे सांगायला वेळ भरपूर आहे, पण दम मात्र कमी झाला आहे. मित्रांनो, मध्येच थांबलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका लहानशा वर्कशॉपमध्ये झाला. लोखंडी पाया, त्यावर दाबून बसणाऱ्या दोन झडपा, मधोमध एक पाते आणि फिल्मच्या कडेची भोके अडकवायला चार पितळी खुंट्या. या खुंट्यांतले अंतर केसाएवढे जरी चुकले, तरी जोडाशी पडद्यावरचे चित्र उडी मारते. माझ्या फिटरने माझ्याआधी दोन साचे रद्द केले होते. मला मात्र त्याने उजेडात धरले, एक डोळा मिटला आणि तो म्हणाला, "हा चालेल." आयुष्यात मला स्तुती फार मिळाली नाही. त्यामुळे ते दोन शब्द माझ्या अजून लक्षात आहेत.

जोड कसा होतो ते सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच चालते. फिल्मला दोन बाजू असतात. एक गुळगुळीत आणि दुसरी चित्राची. चित्राच्या बाजूवर जिलेटिनचा पातळ थर असतो. एका टोकावरचा हा थर पात्याने खरवडायचा, त्यावर द्रावणाचा एक थेंब लावायचा, दुसरे टोक त्यावर टेकवायचे आणि झडप दाबून दहा आकडे मोजायचे. द्रावण चिकटवत नाही, ते फिल्मला किंचित विरघळवते. मग दोन्ही टोके एकमेकांत मुरतात. प्रत्येक जोडाला एक-दोन चित्रे मात्र गमवावी लागतात. पडद्यावर सेकंदाला चोवीस चित्रे धावतात, त्यामुळे एवढे कमी झालेले बघणाऱ्याला कळत नाही. तपासणाऱ्याला कळते.

वर्कशॉपमधून मी एका फिल्मच्या गोदामात गेलो. शहरातली सगळी थिएटरे तिथून डबे न्यायची आणि खेळ संपले की परत पाठवायची. परत आलेले प्रत्येक रीळ तपासायचे काम मागच्या खोलीत चाले. तिथे व्हिनेगरसारखा आंबट वास असे, कारण जुनी फिल्म कुजू लागली की तसाच वास सोडते. एक टेबल, टेबलाच्या दोन टोकांना रीळ गुंडाळायची दोन हँडले आणि मधोमध मी. टेबलामागे एक बाई बसायची. सगळे तिला भिंगवाली म्हणत, कारण तिच्या गळ्यात दोऱ्याला बांधलेले भिंग असायचे.

लहानपणी घरात स्टोव्हचा भडका उडाला, तेव्हा तिच्या चेहऱ्याची डावी बाजू भाजली. पापणीपासून मानेपर्यंत कातडी ओढल्यासारखी झाली होती. गोदामाच्या साहेबाने तिला कामावर घेताना सांगितले होते, "हात चांगला आहे तुझा. पण समोर काउंटरवर लोक येतात, समजून घे." तिने समजून घेतले. अकरा वर्षे ती मागच्या खोलीत बसली. गोदामात येता-जाताना ती रुमाल बांधायची आणि टेबलाशी बसली की सोडायची. तिचा चेहरा रोज बघणारे आम्ही दोघेच: मी आणि डबे आणणारे सायकलकाका.

काका साठीचे होते. सायकलच्या पुढे-मागे डबे लादून ते थिएटरे फिरायचे आणि प्रत्येक थिएटरची खबर सोबत आणायचे.

"काय गं पोरी, आज कुणाची हिरोइन चोरीला गेली?" असे विचारतच ते आत यायचे.

त्यात तथ्य होते. ऑपरेटर लोक आवडत्या नायिकेचे चार-दोन तुकडे कापून खिशात घालतात, हे गोदामात सर्वांना ठाऊक होते. भिंगवाली फिल्मची कड अंगठा आणि बोटात धरून रीळ फिरवायची. जोड आला की बोटाला खुपायचा. मग ती थांबायची, भिंगातून बघायची आणि कार्डावर नोंद करायची. तुकडा कापला आणि गेला, एवढीच ती गोष्ट असे.

एका वर्षी मात्र वेगळेच काहीतरी दिसू लागले. कोणीतरी तुकडे कापत होता आणि परत जोडत होता.

ती फिल्म एक रहस्यपट होती. मोठ्या बंगल्यात खून होतात, खुनी मुखवटा घालून वावरतो आणि शेवटच्या रिळात त्याचा मुखवटा ओढला जातो. मुखवट्याखाली रोगाने झडलेला, विद्रूप चेहरा. चार सेकंदांचे ते दृश्य, म्हणजे मोजून सहा फूट फिल्म. त्या सहा फुटांच्या अलीकडे एक नवा जोड होता आणि पलीकडे एक. तुकडा जागच्या जागी होता, फक्त दोन्ही टोकांची दोन-दोन चित्रे कमी झाली होती. पुढच्या खेपेला ते रीळ परत आले, तेव्हा दोन्ही जोड पुन्हा ताजे होते.

"चोर चोरी करून माल परत का आणून ठेवेल?" तिने काकांना विचारले.

"पस्तावला असेल."

"आठवड्याआड पस्तावतो का कोणी?"

पुढच्या दोन महिन्यांत तसे जोड आणखी तीन चित्रपटांत सापडले. एकात आंधळ्या पिवळ्या डोळ्याचा दरोडेखोर होता, एकात बोटे नसलेला जादूगार, एकात भाजलेल्या तोंडाची चेटकीण. मित्रांनो, त्या काळच्या चित्रपटांत वाईट माणूस ओळखायची सोपी खूण होती. ज्याचे शरीर बिघडलेले, तो वाईट. चित्रपट काढणाऱ्यांचे त्यात श्रम वाचत.

तिने जोड नीट तपासले. ते माझ्यासारख्या यंत्राने केलेले नव्हते, ब्लेडने केलेले होते. टोके दोन्ही अंगांनी खरवडलेली होती, गरजेपेक्षा दुप्पट. द्रावण एकाच बाजूला ओघळले होते. आणि फिल्मच्या कडेवर, भोकांच्या जरा बाहेर, दोन बारीक खळगे होते. तिने भिंग लावले, काढले, पुन्हा लावले. मग एका टाकाऊ पट्टीचे टोक स्वतःच्या दातांत धरून तिने ते भिंगाखाली घेतले. खळगे तसेच होते. फक्त त्या माणसाच्या पुढच्या दोन दातांत फट होती.

"काका, हा माणूस फिल्म दातांत धरतो. म्हणजे त्याला एकच हात आहे. उजवा."

काकांनी तोंडातली सुपारी थांबवली. "रस्त्याच्या टोकाच्या थिएटरचा ऑपरेटर. डावा हात मनगटापासून नाही, कारखान्याच्या पट्ट्यात गेला. हे तुला फिल्म बघून कळलं? पोरी, तू पोलिसात भरती हो."

त्या थिएटरची माहिती त्यांनीच दिली. त्याच टोकाला, शहराबाहेर, कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या लोकांची वस्ती होती. रोग गेला होता, पण बोटे, नाके आणि नोकऱ्या परत आल्या नव्हत्या. इतर थिएटरांत त्यांना बघून शेजारचे उठायचे. टोकाच्या थिएटरात मात्र त्यांना तिकीट मिळे. बाकी शहराने ज्यांना दारातून परतवले होते, तेही हळूहळू तिथेच येऊ लागले.

प्रत्येक डब्यात एक कार्ड असायचे. गोदामाने प्रिंटची स्थिती लिहायची आणि थिएटरने खाली उत्तर लिहायचे. सहसा थिएटरवाले नुसते 'ठीक' लिहीत. तिने यावेळी लिहिले:

"शेवटचे रीळ. दोन नवे जोड. फार खरवडले आहे. दात लावू नयेत."

आठवड्याने उत्तर आले. अक्षर तिरके होते, कारण कागद धरायला दुसरा हात नव्हता.

"हात एकच आहे. दुसऱ्याचं काम दात करतात. राग नसावा."

ती बराच वेळ हसू की नको अशा चेहऱ्याने बसली. मग लिहिले, "राग नाही. तोंडाचा ओलावा लागून जोड सुटतो. फिल्म जड वस्तूखाली दाबून धरावी."

"इस्त्री ठेवली. जमलं. आभार. गोदामात कोण आहे? इतकं बारीक कुणी बघत नाही."

"बघणं हेच काम आहे. तुकडा का काढता?"

त्याचे उत्तर पुढच्या आठवड्यात आले. "दारावर माझी आई तिकिटं फाडते. ती वस्तीतली आहे. ते दृश्य आलं की बाहेरचे लोक पडद्याकडून मान वळवून तिच्याकडे बघतात. पहिल्या खेळाला, वस्तीतलं कुणी नसताना, एकाने तिच्यावर बाटलीचं बूच फेकलं. त्या दिवसापासून काढतो. परत पाठवताना लावतो. सांगायचं असेल तर साहेबांना सांगा."

तिने साहेबाला सांगितले नाही. ते कार्ड बदलून तिने नवे घातले आणि जुने माझ्या पायाखाली सरकवले. मी लोखंडाचा असल्यामुळे माझ्याखालचे सहसा कोणी बघत नाही.

नव्या कार्डावर तिने लिहिले, "ते तुकडे मीही बघत नाही. तिथे आले की मान फिरवते आणि फक्त बोटांनी सरकवते."

मित्रांनो, हे खरे होते. अकरा वर्षांत ती चेटकीण, तो मुखवटा, तिने एकदाही भिंगाखाली घेतला नव्हता. मी तिच्या अगदी पुढ्यात बसून हे पाहत आलो होतो.

खाली उत्तर होते, एकच शब्द. "का?"

तिने तीन आठवडे काही लिहिले नाही. चौथ्या आठवड्यात लिहिले, "माझा चेहरा भाजलेला आहे." आणि डबा बंद करून काकांकडे इतक्या घाईने दिला, की झाकण तिरके बसले.

"गळतंय का काही यातून?" काका म्हणाले. "आणि हे बघ, मी डबे वाहतो. पत्रं वाहायची असतील तर तसं सांग, मी पोस्टमनची टोपी घालून येईन."

उत्तर आले: "बरं. माझ्या इथे पंखा मोडलेला आहे आणि खिडकीतून वस्तीतली चिंच दिसते. तुमच्या खोलीत खिडकी आहे का?"

नव्हती. पण तिने त्या दिवशी काम करताना एक गाणे गुणगुणले, आणि तिला गाता येते हे मला तेव्हा कळले.

चूक झाली ती याच सुखाच्या दिवसांत. ती नीट समजून घ्या, कारण ती फक्त या दोघांच्याच हातून होऊ शकली असती.

अंधाऱ्या केबिनमध्ये फिल्मची चित्राची बाजू कोणती हे डोळ्यांना पटकन कळत नाही. जुने ऑपरेटर फिल्म ओठाला लावतात. जिलेटिनचा थर ओल्या ओठाला किंचित चिकटतो, गुळगुळीत बाजू चिकटत नाही. टोकाच्या थिएटरातला तो माणूस फिल्म तोंडात धरायचा, तेव्हा ही परीक्षा आपोआप होत असे. तिच्या सांगण्यावरून त्याने तोंड लावणे सोडले आणि इस्त्री वापरायला सुरुवात केली. एके दिवशी रहस्यपटाचा तो तुकडा इस्त्रीखालून काढताना हातात पालथा झाला. त्याने टोके नेहमीप्रमाणे दोन्ही अंगांनी खरवडली, त्यामुळे पालथा तुकडाही घट्ट बसला.

रीळ तिच्या टेबलावर आले. बोटांना जोड लागला, मजबूत होता, पूर्वीपेक्षा सुबक होता. तिने मान फिरवली, सहा फूट सरकवले आणि कार्डावर 'ठीक' लिहून सही केली.

ते रीळ शहरातल्या सगळ्यात मोठ्या थिएटरात गेले. फिल्मच्या एका कडेला आवाजाची पट्टी असते. तुकडा पालथा पडल्यावर ती दुसऱ्या कडेला गेली. ऐन क्षणी मुखवटा ओढला गेला, खोलीतली डावी भिंत उजवीकडे उडाली, खुन्याचा चेहरा धूसर झाला आणि त्याच्या तोंडून शब्दांऐवजी बिघडलेल्या मोटारीसारखी घरघर आली. तुडुंब भरलेले थिएटर चार सेकंद पोट धरून हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब ते रीळ घेऊन मागच्या खोलीत आला. तो सहसा येत नसे. तो दुष्ट माणूस नव्हता. त्याला झोप कमी आणि फोन जास्त येत, एवढेच.

"बाई, रीळ आधी कुठल्या थिएटरातून आलं होतं?"

ती हातातले रीळ गुंडाळत राहिली.

"रजिस्टरात दिसतंय मला. टोकाचं थिएटर. तू फक्त लिहून दे की छेडछाड त्यांच्याकडे झाली. मी त्यांचे डबे बंद करतो आणि विषय संपवतो."

"डबे बंद केले तर थिएटर बंद पडेल."

"पडू दे. कुत्रं तरी जातं का तिकडे?"

"माणसं जातात, साहेब."

तो खुर्चीवर टेकला. "हे बघ, मला वर कुणाचं तरी नाव द्यायचं आहे. तिथलं नाही दिलं तर तुझं द्यावं लागेल. सही तुझी आहे. अकरा वर्षांत तुझी एक चूक नाही, कशाला उगाच दुसऱ्याचं घोंगडं गळ्यात घेतेस?"

तिने रुमालाचे टोक बोटाला गुंडाळले, सोडले. मग कागद ओढून लिहिले: "तपासणी माझ्याकडे होती. मी तो तुकडा पाहिला नाही." खाली सही केली. त्यात एक अक्षरही खोटे नव्हते.

साहेबाने कागद दोनदा वाचला. "हट्टी आहेस."

"हे रीळ दुरुस्त करून जाते. आणि हा स्प्लायसर मला द्याल का? पातं बोथट झालंय, तुम्ही नवा मागवलाच आहे."

"ने. भंगारच आहे."

मला त्या शब्दाचे वाईट वाटले नाही असे म्हणणार नाही.

ती टेबलाशी बसली. दोन्ही जोड सोडवले, सहा फूट फिल्म मोकळी केली आणि भिंग लावले. या वेळी तिने मान फिरवली नाही. पहिल्या चित्रापासून शेवटच्यापर्यंत एकेक चित्र पाहिले. नव्वदहून थोडी कमी होती. दीड तास लागला. मध्ये एकदा ती थांबली, डोळे पुसले आणि भिंगही पुसले. मग तुकडा सरळ करून माझ्या खुंट्यांत अडकवला, झडप दाबली आणि दहा आकडे मोजले. माझ्या बोथट पात्यानिशी मी जमेल तितके नीट काम केले.

त्याच दुपारी तो रहस्यपट पुन्हा टोकाच्या थिएटरात जायचा होता. काकांच्या सायकलला मागे डबे होते, पुढे पिशवीत मी होतो आणि शेजारून रुमाल बांधून ती चालत होती.

"बोल काहीतरी," काका म्हणाले. "मला वाटतंय मी तुला सासरी पोचवतोय."

"नोकरी गेली म्हणून सांगायला चाललेय, काका."

"एकाला नोकरी गेल्याचं सांगायला पोरगी पाच किलोमीटर चालते. बरं, बरं. मी काही बोलत नाही."

थिएटरच्या दारावर एक म्हातारी स्टुलावर बसली होती. तिचे नाक मधून खचलेले होते आणि बोटे आखूड होती. तिकीट ती दोन तळव्यांत धरून फाडायची. तिने भिंगवालीकडे खालीवर पाहिले.

"रुमाल काढ गं. गुदमरशील. इथं त्याचं कुणाला नवल नाही."

तिने रुमाल काढला. म्हातारीने एकदा बघितले आणि म्हणाली, "स्टोव्ह?"

"हो."

"आमच्या शेजारणीचं पण तसंच. बस."

तेवढ्यात जिन्यावरून ऑपरेटर उतरला. तिला पाहिले आणि तीन पायऱ्या वरच थांबला. 

"इस्त्रीमुळे झालं," तो तिथूनच म्हणाला.

"नाही. मी बघितलं नाही म्हणून झालं."

"चूक माझी आहे. साहेबांना मी येऊन सांगतो."

"सांगून झालंय. माझं नाव दिलं मी. तुमचे डबे चालू राहतील."

"मला न विचारता?"

"कसली चूक? कसली इस्त्री?" म्हातारीने विचारले. "मला कुणी सांगेल का?"

त्याने सांगितले. खाली बघत, तुटक तुटक. म्हातारी ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग येताना मला दिसला. तो हळूहळू आला, पण पूर्ण आला.

"म्हणजे इतके महिने आमची माणसं खून कुणी केला म्हणून भांडतायत. दोघांचं बोलणं बंद झालंय त्यापायी. आणि शेवट तू वर कापून ठेवत होतास?"

"आई, तुझ्याकडे बघत होते ते..."

"माझ्याकडे माणसं चाळीस वर्षं बघतायत. बूच मला लागलं होतं, तुला नाही. मला विचारलंस का एकदा, की तुला काय हवंय?" ती भिंगवालीकडे वळली. "आणि तू तरी काय? कापलं यानं, आणि याला न विचारता सगळं आपल्या डोक्यावर घेतलंस. दोघं सारखीच. दुसऱ्याच्या अंगावरची माशी मारायला दगड घेणारी."

काका म्हणाले, "मी डबे वर नेतो," आणि सटकले.

"आज सगळं लाव," म्हातारी मुलाला म्हणाली. "अख्खं. आणि लावायच्या आधी मी सांगणार लोकांना."

दुपारच्या खेळाला वस्तीतली साठ-सत्तर माणसे आली होती. म्हातारी पडद्यापुढे उभी राहिली. "शेवटी एक चेहरा आहे," ती म्हणाली. "आपल्यासारखा केलेला. खुनी तोच. ज्याला बघायचा नसेल त्याने मी टाळी वाजवली की बाहेर यावं, मी दारात आहे. ज्याला बघायचा आहे त्याने बसावं."

"खुनी सांगून टाकलास की!" मागून कोणीतरी ओरडले.

"गप रे. मुखवट्याखाली कोण आहे ते कुठं सांगितलं?"

मला वर केबिनमध्ये नेऊन ठेवले होते. भिंगवाली मात्र खाली बसली, भाजल्यापासून पहिल्यांदाच थिएटरात. तिला त्या चित्रपटाचे प्रत्येक चित्र माहीत होते, पण आवाज माहीत नव्हता. टेबलावर आवाज नसतो. नायक बोबडा बोलतो हे तिला त्या दिवशी कळले.

केबिनच्या खिडकीतून मला पडदा दिसत होता. टाळी वाजली. नऊ जण उठून बाहेर गेले. मग मुखवटा ओढला गेला. चार सेकंद थिएटरात कोणी हलले नाही.

पुढच्या रांगेतला एक म्हातारा सावकाश म्हणाला, "हे काय नाक आहे? मेण लावलंय."

"कडा सुटलीय बघ गालाशी," दुसरा म्हणाला.

"आणि बोटं शाबूत? असलं तोंड आणि दहाच्या दहा बोटं? कुठल्या डॉक्टरनं दाखवलं याला?"

मग हसू उठले. मोठ्या थिएटरात उठले होते तसे नव्हते हे. कारागीर दुसऱ्याचे कच्चे काम बघून हसतात, तसे होते. भिंगवालीही हसली. ऑपरेटर खिडकीशी वाकून तिला हसताना बघत होता, आणि रीळ संपल्याचे त्याला पट्टी फडफडू लागल्यावर कळले.

सगळे हसले नाहीत, हेही सांगायला हवे. तिसऱ्या रांगेतली एक बाई टाळीला उठली नव्हती. ती शेवटपर्यंत बसली आणि नंतर कितीतरी महिने आली नाही. म्हातारी तिच्या घरी जाऊन बसायची. त्यावर काय बोलणे झाले ते मला माहीत नाही.

खेळ संपल्यावर ती वर आली. रिळाचे टोक फाटले होते. तिने मला टेबलावर मांडले आणि त्याला खुंट्या दाखवल्या. "या धरतात. दुसरा हात लागत नाही."

त्याने एका हाताने फिल्म अडकवली. दुसरे टोक उचलले, सवयीने ओठांपाशी नेले आणि चपापून थांबला.

"लावा," ती म्हणाली. "ओठ लावूनच बघा. मी सांगितलं ते न विचारता सांगितलं होतं."

त्याने फिल्म ओठाला लावली, बाजू ओळखली आणि झडप दाबली. दोघांनी मिळून दहापर्यंत आकडे मोजले. तो सात म्हणाला तेव्हा ती आठवर होती.

ती त्या थिएटरात राहिली. प्रत्येक प्रिंट लावण्याआधी तीच तपासायची, सगळे बघून. पुढच्या वर्षी त्या दोघांनी एका कचेरीत जाऊन सह्या केल्या. साक्षीदार म्हणून काका गेले आणि तिथल्या पेनाला नावे ठेवत परत आले. मी बारा वर्षे त्या केबिनमध्ये काम केले. माझे पाते त्याने दर महिन्याला दगडावर घासले आणि खुंट्यांना तेलाचा थेंब दिला. माझ्या आयुष्यातली तीच वर्षे मला बरी वाटतात. मग फिल्मच यायची थांबली. थिएटरला कुलूप लागले. म्हातारी त्याआधीच गेली होती.

आता मी त्यांच्या घरातल्या फळीवर आहे. माझ्या झडपेत गंज शिरला आहे. त्या दोघांचीही वये झाली आहेत. तेल द्यायचे ते विसरतात, आणि मला त्याचा राग येण्याइतका जोर उरलेला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखे एखादे जुने यंत्र असेल तर त्याला अधूनमधून तेल द्या, त्याने आम्हा यंत्रांचे आयुष्य वाढते. पण माणसांची काळजी घ्यायची असेल तर तेवढ्याने भागत नाही. ज्याच्यासाठी तुम्ही काही झाकता, कापता किंवा स्वतःवर ओढून घेता, त्याला आधी विचारा. तो 'नको' म्हणेल, रागावेल, कदाचित हसेलही. त्याचे ऐकून झाल्यावर मगच हात घाला.